बोरू कीं संगणक?

अक्षर रेखणाऱ्यानें बोरू धरावा कीं संगणक? र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनीं दोन्ही धरले. सुलेखनकार म्हणून ख्याति पावलेल्या याच कलावंतानें ‘विंडोज २०००’ मधील ‘मंगल’ या देवनागरी टंकाचीं अक्षरें सिद्ध केलीं. बोरूच्या टोंकाला तिरका छेद असतो; म्हणून रेघ दिशेप्रमाणें जाड वा बारीक उमटते. संगणक ही जाडी कोठेंही देऊं शकतो. ती कोठें शोभेल, हें मात्र बोरूनें घोटलेल्या हाताला लौकर कळतें. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनीं मराठी नाटकांचीं शीर्षकें हातानें रेखिलीं. तेथें प्रत्येक नाटकाला स्वतंत्र वळण हवें होतें. तेंच अक्षर लक्षावधि वेळां एकसारखें उमटवावयाचें, तर संगणकच हवा. साधन कामावरून ठरवावें. शिक्षणाचा आरंभ मात्र बोरूनें करावा.