पिकाची नोंद कोणी करायची?

(नागपूर आकाशवाणीवरील भाषण)



समुपदेशनासाठी किंवा मानसोपचारासाठी आलेल्या मनुष्याची पहिल्या भेटीत जी नोंद होते, ती चाळून पाहिली तर झोप किती मोडली, राग किती वाढला, नोकरी का सुटली, घरात कोणाशी बिनसले, याचा तपशील तीत अगदी बारकाईने उतरलेला आढळतो. परंतु इतके सारे अंगावर कोसळूनही हा मनुष्य आज आपल्या पायांनी चालत इथवर आला तो कशाच्या बळावर, याविषयी त्या कागदावर एक ओळही सापडत नाही. माझी तक्रार एवढीच आहे, आणि आज मला मिळालेली मिनिटे मी तिच्यावरच खर्च करणार आहे.

आपल्या विदर्भात सातबारा कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सात नमुन्यात जमीन कोणाची, क्षेत्र किती, पोटखराबा किती, आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात सोसायटीचा अथवा बँकेचा बोजा किती, हे असते. बारा नमुन्यात त्या जमिनीत काय पिकले आणि पाणी कुठले, हे असते. एखाद्या कास्तकाराने जन्मभर बोजाचाच रकाना वाचला आणि बारा नमुना कधी उलगडलाच नाही, तर आपल्या शेताविषयी त्याचे मत काय होईल, याची कल्पना करा. समुपदेशकासमोर बसलेल्या बहुसंख्य माणसांची हीच अवस्था असते. बोजा त्यांना तोंडपाठ असतो. पीक शेतात उभे असूनही त्याची नोंद मात्र कोरी असते.

अनेकींच्या हकीकती एकत्र करून एक उदाहरण सांगतो, म्हणजे कोणा एकीची ओळख उघड व्हायची नाही. इतवारीकडची एक गृहिणी. नवरा व्यसनी, सासू अंथरुणाला खिळलेली, आणि स्वतःच्या मनाची अशी उमेद खचलेली की ‘माझ्याच्यानं काहीच होत नाही जी’ यापलीकडे तिच्या तोंडून वाक्य निघत नाही. बोलता बोलता ती सहज सांगून जाते की पाच तारखेला तिला यायला जमणार नाही, कारण त्या दिवशी भिशी असते. चौकशी केल्यावर कळते की गल्लीतल्या वीसेक बायकांची भिशी वर्षानुवर्षे तिच्याकडेच आहे, पैसे तिच्याजवळ ठेवले जातात, आणि हिशेबावरून आजवर कधी वाद झालेला नाही. ही गोष्ट तिला विचारावी तर ती म्हणते, ‘त्यात काय विशेष? कोणीतरी करायलाच पाहिजे ना!’

‘त्यात काय विशेष’ हे शब्द ऐकताच समुपदेशकाने सावध झाले पाहिजे. जे सामर्थ्य नित्याच्या सवयीत मुरलेले असते, ते त्याच्या धन्याला सामर्थ्य वाटतच नाही; संकट तेवढे नवे असते, म्हणून ते ठळक दिसते. आणि नेमक्या याच ठिकाणी आमच्या व्यवसायातील उत्साही तरुण मंडळी घाई करतात. ‘ताई, तुम्ही किती खंबीर आहात, किती प्रामाणिक आहात!’ असे ते बोलून जातात; ती संकोचून मान हलवते, आणि ते प्रशस्तिपत्र दाराबाहेर पडेपर्यंत विरून जाते. हे सद्हेतूने घडते हे मला मान्य आहे. तरीही हे थांबले पाहिजे.

पूर्वी बारा नमुन्यात पिकाची नोंद तलाठी करीत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि कास्तकाराने स्वतः बांधावर जाऊन, उभ्या पिकाचे छायाचित्र मोबाइलवर काढून आपली नोंद आपण करावी अशी व्यवस्था झाली. समुपदेशनातही नोंद करणारा हात ज्याचे शेत त्याचाच असला पाहिजे, आणि नोंदीला उभ्या पिकाचा पुरावा असला पाहिजे. म्हणून त्या बाईला विचारावे: कोणी हप्ता चुकवला तेव्हा तुम्ही काय केलेत? मग ती सांगते की एक जण आजारी पडली तेव्हा तिने घरोघरी जाऊन सगळ्यांची संमती घेतली आणि तिचा नंबर पुढे-मागे केला. कोणाची समजूत काढणे कठीण गेले? तेही ती सांगते. आणि थोडा वेळ थांबून स्वतःच म्हणते, ‘म्हणजे मला माणसं सांभाळता येतात.’ हे वाक्य तिच्या तोंडून येण्यापूर्वी आपण उच्चारू नये. पुन्हा सांगतो, कारण हीच गोष्ट निसटते: ते तिने म्हणायचे आहे, आपण नव्हे.

पीटरसन आणि सेलिग्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली मनुष्याच्या चोवीस गुणबलांचा एक मोठा ग्रंथ सिद्ध केला, आणि त्यावर आधारलेल्या प्रश्नावल्या आता सर्वत्र वापरल्या जातात. त्यांचा मी अनादर करीत नाही. पण ती पिकांच्या नावांची यादी आहे. या शेतात काय उभे आहे, ते बांधावर गेल्यावाचून कळायचे नाही.

आपल्यापासून फार दूर नाही अशा वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली, आणि आनंदवनाच्या खडकाळ माळावर कुष्ठरोग्यांना बरोबर घेऊन विहीर खणायला आरंभ केला. ज्यांच्या नावापुढे समाजाने केवळ रोगाची नोंद केली होती, ज्यांच्या बोटांची संवेदना हरपली होती, त्यांना त्यांच्या सामर्थ्यावर व्याख्यान देऊन काय साधले असते? विहिरीला पाणी लागले, शेते पिकली, पुढे याच हातांनी महाविद्यालयाच्या इमारती उभ्या केल्या. आणि मग त्यांना कोणी काही पटवून देण्याचे कारण उरले नाही.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. आपल्याकडे सोशिकपणाला गुणांच्या यादीत अग्रस्थान देण्याची रीत आहे. मार खाऊन घर टिकवणाऱ्या स्त्रीच्या सोशिकपणाची समुपदेशकाने प्रशंसा केली, तर तो तिला त्या घरात आणखी घट्ट बांधून ठेवतो. तिथे सामर्थ्य शोधायचे ते तिने शेजारणीला हाक मारली त्या रात्रीत, माहेरी पत्र धाडले त्या दिवसात... हा विषय स्वतंत्र भाषणाचा आहे, आणि घड्याळ मला तो येथेच सोडावयास सांगत आहे.

शेवटी सोबत येणाऱ्या नातलगांना एक विनंती. मुलाला घेऊन येता आणि त्याच्या देखत ‘याला काहीच जमत नाही’ असे सांगून मोकळे होता, हे बरे नव्हे. पुढल्या वेळी येताना, त्याने निभावून नेलेला एक तरी प्रसंग, दिवस आणि जागा यांसह आठवून या, आणि तो त्यालाच सांगू द्या. ज्यांच्या मनात जीव देण्याचे विचार येत असतील, त्यांच्यापुढे मात्र गुणांची चर्चा मुळीच काढू नका. प्रथम त्यांना एकटे सोडू नका, आणि शासनाच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक फिरवा. तो क्रमांक १४४१६ असून तेथे रात्रंदिवस मराठीतून बोलता येते.