सोंड्या भुंगा आणि सामुदायिक सापळा

(नारळ बागायतदार व बागमजूर यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



माड लावल्यापासून चांगले उत्पन्न हाती येईपर्यंत सहा-सात वर्षे जातात. एवढी वर्षे पाणी घालून वाढविलेला माड ऐन उमेदीत शेंड्यापासून मोडून पडतो, तेव्हा कोकणातील वा गोव्यातील लहान बागायतदाराचे होणारे नुकसान एका हंगामाचे नसते. या विध्वंसाचे एक प्रमुख कारण म्हणजे सोंड्या भुंगा. त्याची मादी खोडावरील जखमांत अंडी घालते. गेंड्या भुंग्याने पाडलेली भोके तिला आयतीच मिळतात. पाय नसलेली अळी आतला मऊ गाभा खात राहते आणि बाहेरून माड हिरवागार दिसतो. तांबूस द्रव पाझरू लागला, चघळलेला भुसा छिद्राबाहेर आला, की मालक जागा होतो. तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

१९९३ साली शास्त्रज्ञांनी या भुंग्याचा गंध ओळखला. फेरुजिनिऑल नावाचे हे द्रव्य आता कारखान्यात तयार होते आणि सापळ्याच्या बादलीत टांगले जाते. व्यवहारात त्याला ‘कामगंध सापळा’ म्हणतात. परंतु येथे ते नाव पुरते खरे नाही. हा गंध नर सोडतो आणि त्याकडे नर व मादी दोघेही धावतात. ते जमावाला दिलेले आवाहन आहे. सापळ्यात माद्या अधिक सापडतात, आणि प्रत्येक मादीबरोबर पुढची पिढी टळते, हे या साधनाचे खरे बळ होय.

मात्र गंधाला बागेचा बांध कळत नाही. एकट्याने सापळा लावला, आतील उसाचे वा केळ्याचे आमिष सुकू दिले, तर शेजारच्या बागांतून आलेले भुंगे बादलीत न पडता त्याच्याच माडांवर उतरतात. हेक्टरी एक सापळा लावायचा, तर दहा-वीस गुंठ्यांच्या पाच ते दहा बागा त्याच्या कक्षेत येतात. अशा वेळी वैयक्तिक अनुदानाने वाटलेली बादली वाया जाते.

स्पेनच्या कॅनरी बेटांवर २००५ साली हा भुंगा आढळला. तेथे बाहेरून ताडवर्गीय झाडे आणण्यावर बंदी आली, बाधित झाडे नष्ट केली गेली, बेटभर तपासणी झाली, सापळे लावले गेले. आणि २०१६ साली बेटे भुंगामुक्त घोषित झाली. सापळा हा त्या सामुदायिक मोहिमेचा केवळ एक भाग होता.

म्हणून सापळ्यांची खरेदी ग्रामपंचायतीने वा सहकारी सोसायटीने करावी. आमिष बदलण्याचे, भुंगे मोजण्याचे काम ठरलेल्या मजुरीवर द्यावे. माडावर चढणाऱ्या मजुराच्या नजरेस पोखरलेले खोड मालकाच्या आधी पडते. त्याच्या या ज्ञानाला मोल मिळाले पाहिजे. आणि वाचण्यापलीकडे गेलेला माड तोडून नष्ट करणाऱ्यास भरपाई मिळाली पाहिजे. अन्यथा तो माड उभाच राहील आणि साऱ्या वाडीला भुंगे पुरवील.