कर्जरोख्याच्या हिशेबात मणिबेली
(बोदवड येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



बोदवडसारख्या कोरडवाहू तालुक्यात मी कर्जरोख्यांवर बोलणार, हे ऐकून काही मित्र हसले. पूर्णेचे पाणी उचलून या परिसराला देणारी उपसा योजना वर्षानुवर्षे रखडते, तेथे लंडन-न्यूयॉर्कच्या पतमापनाशी आपला काय संबंध? संबंध आहे. धरणे आणि कालवे बव्हंशी कर्जाच्या पैशावर उभे राहतात, आणि त्या कर्जाचे व्याज आपणच भरतो.

एखाद्या देशाचे रोखे घेण्यापूर्वी मोठे गुंतवणूकदार हल्ली तीन गोष्टी तपासतात : तेथील पर्यावरण, समाजस्थिती आणि राज्यकारभार. हे आपलेच प्रश्न आहेत, असे वाटून आपल्यापैकी काही जण हुरळून गेले आहेत. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, सावकार ‘कोणावर अन्याय झाला?’ असे विचारत नाही. ‘माझा पैसा बुडेल काय?’ असे विचारतो. या दोन प्रश्नांची उत्तरे कधी जुळतात, पुष्कळदा जुळत नाहीत.

आपल्या खानदेशातलेच उदाहरण घ्या. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ साली ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. महाराष्ट्रातील ३३ आदिवासी गावे त्यात बाधित होणार होती; ती अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, म्हणजे तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातली. लोक लढले, म्हणून बँकेला मोर्स समिती नेमावी लागली. पुनर्वसनाची आणि पर्यावरणाची तयारी सदोष आहे, असा स्पष्ट निर्वाळा त्या समितीने १९९२ साली दिला. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नाकारले. त्याच पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरले.

आणि त्याच वर्षी नर्मदा निगमाने बाजारात रोखे आणले! आज ३६०० रुपये द्या, वीस वर्षांनी १,११,००० घ्या. मध्यमवर्गीयांनी मुलीच्या लग्नासाठी, म्हातारपणासाठी ते घेतले. त्यांना मी दोष देत नाही. मणिबेलीचे नाव त्यांना कोणी सांगितले होते? पुढे २००८ साली गुजरात विधानसभेने कायदा करून मुदतीआधी परतफेडीचा अधिकार निगमाला दिला आणि जानेवारी २००९ मध्ये रोखेधारकांच्या हाती ५०,००० रुपये ठेवले. दिलेला शब्द कायद्याने बदलता येतो, हे त्यांना तेव्हा कळले. नर्मदाकाठच्या आदिवासींना ते आधीच ठाऊक होते. रोखेधारकाला निदान नफा तरी मिळाला.

आता देशांच्या गुणांकनाकडे वळू. जागतिक बँकेच्याच अभ्यासकांनी २०२१ साली दाखवून दिले की, या गुणांपैकी सुमारे ९० टक्के फरक त्या देशाच्या उत्पन्नपातळीवरूनच उलगडतो. म्हणजे श्रीमंताला सदाचारी ठरवायचे, गरिबाला धोकादायक! अशा गुणांवरून व्याज ठरू लागले, तर गरीब देशाला महाग पैसा घ्यावा लागेल आणि शाळा व पाणी यांवरचा खर्च आणखी आटेल. राज्यकारभाराचे प्रचलित निर्देशांक तर तज्ज्ञांच्या, उद्योगसंस्थांच्या आणि काही पाहण्यांच्या मतांवर बेतलेले असतात. विस्थापित बाईचे मत त्यात कितपत उतरणार?

तरीही ही कागदपत्रे फेकून द्यावीत, असे मी म्हणणार नाही. भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये हरित रोखे प्रथम विकले. त्यांच्या नियमावलीत २५ मेगावॅटपेक्षा मोठे जलविद्युत प्रकल्प वगळले आहेत. लाभ कोणाचा, बुडणार कोण, हे प्रश्न लोकांनी तीस-चाळीस वर्षे रेटले नसते, तर मोठ्या धरणांविषयी सावकारांच्या जगात ही सावधगिरी आली असती, असे मला वाटत नाही. या पैशाच्या वाटपाचा अहवाल सरकारने द्यावयाचा असतो. तो मराठीत मागा, ग्रामसभेत वाचा. आणि येथल्या उपसा योजनेसाठी किती कर्ज काढले, त्यावर व्याज किती गेले आणि पाणी किती एकरांपर्यंत पोहोचले, हे तीन आकडे पाटबंधारे खात्याला लेखी विचारा. अर्जाचा मसुदा मी बरोबर आणला आहे; सभा संपल्यावर त्यावर सह्या घेऊ.