वाढती मुले आणि गृहस्थाश्रम



अपत्यसंगोपनाविषयीचे एक संस्कृत सुभाषित फार प्रसिद्ध आहे. पाठशाळेतील लहान विद्यार्थ्यासही ते मुखोद्गत असते. पहिली पाच वर्षे मुलाचे लाड करावेत, पुढील दहा वर्षे त्याला धाकात ठेवावे, आणि सोळावे वर्ष लागताच त्याच्याशी मित्राप्रमाणे वागावे, असा त्याचा आशय. ह्यांतील पहिल्या दोन आज्ञा बहुतेक घरांत पाळल्या जातात. दुसरी तर जरा अधिकच उत्साहाने. तिसरी मात्र राहून जाते. हे सुभाषित पुत्राचे नाव घेते, कन्येचे घेत नाही, हेही येथेच सांगितलेले बरे.

धाकाविषयी प्रथम थोडे बोलून तो भाग संपवू. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलास शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली आहे. म्हणजे ज्या हातात छडी असणे हे विद्येचे लक्षण मानले जाई, त्या हातातून ती गेली. घरातील छडीचा निकाल मात्र ज्याने त्याने आपल्या मनाशी करावयाचा आहे. खरा प्रश्न तिसऱ्या आज्ञेचा. ज्या मुलाने दहा वर्षे केवळ हुकूम ऐकले, त्याला सोळाव्या वाढदिवशी एकाएकी ‘तुझे मत काय?’ असे विचारले, तर तो बोलणार काय? मैत्रीला पूर्वतयारी लागते, आणि ती धाकाच्याच वर्षांत करावी लागते.

हा प्रश्न कोणत्याही घरात पाहता येईल. पण पोटासाठी परमुलखी राहिलेल्या कुटुंबांत तो अधिक स्पष्ट दिसतो. सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातील चलथाण हे असे एक गाव. उधना ते जळगाव ह्या ताप्तीकाठच्या लोहमार्गावर ते आहे, आणि ह्याच मार्गाने गेल्या कित्येक दशकांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडील असंख्य कुटुंबे सुरतेच्या परिसरात येऊन स्थिरावली. चलथाणात सहकारी साखर कारखाना आहे, शेजारी कडोदऱ्यास कापडाच्या गिरण्या आहेत. यंत्रमागावरचा माणूस बारा-बारा तासांची पाळी करतो. काही दिवस दिवसपाळी, काही दिवस रातपाळी. रातपाळीच्या आठवड्यात बाप दिवसा निजतो आणि एका खोलीतले सारे घर दबक्या आवाजात चालते. मुले उंबऱ्याबाहेर अभ्यास करतात, आई भांडी सुद्धा हळू घासते. अशा घरातील मुलांना शांत राहण्याची शिकवण कोणी वेगळी देत नाही. परंतु त्या शांततेचा दुसरा परिणाम असा की बाप आणि मुले कित्येक दिवस एकमेकांशी कामापलीकडे बोलतच नाहीत.

आता भाषेचे पाहावे. घरात अहिराणी किंवा मराठी. सुरत महानगरपालिकेने शहरात मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालविल्या आहेत. चलथाणातील मुलाची वाट मात्र बहुतेक गुजराती शाळेकडे जाते. गल्लीत गुजराती, दूरचित्रवाणीवर आणि भ्रमणध्वनीवर हिंदी. मूल ह्या सर्व भाषांतून पाण्यातील माशाप्रमाणे फिरते. कधी गंमतही होते. मराठीत ‘नवरा’ म्हणजे पती, गुजरातीत ‘नवरो’ म्हणजे कामावाचून रिकामा बसलेला मनुष्य. सुटीच्या दिवशी धाकटा मुलगा शाळेतल्या भाषेत ‘पप्पा आज नवरा आहेत’ असे जाहीर करतो, तेव्हा माउलीला हसू आवरत नाही.

परंतु ह्याच गोष्टीला एक गंभीर बाजू आहे. शिरोरेषा नसलेली गुजराती लिपी बापाला जेमतेम लागते, आईला बहुधा लागत नाही. मग विजेचे बिल, दवाखान्याची चिठ्ठी, शाळेची सूचना, कर्जाचा कागद हे सर्व वाचतो कोण? दहा-बारा वर्षांचे मूल. शाळेत पालकांची सभा असते, शिक्षक त्याच मुलाची तक्रार गुजरातीत सांगतात आणि ती आईला समजावून देण्याचे काम त्याच मुलाकडे येते. त्या भाषांतरात काय काय गळून जात असेल, हे सुज्ञांस सांगावयास नको! तात्पर्य, घराला बाहेरच्या जगाशी बोलावयाचे असले म्हणजे ते ह्या मुलाच्या मुखाने बोलते. कर्जाचे किती हप्ते राहिले हे त्याला ठाऊक असते. आणि तेच मूल दहावीनंतर आपण काय शिकावे ह्याविषयी चार शब्द बोलू लागले, की घरात उत्तर मिळते, ‘मोठ्यांच्या बोलण्यात पडू नकोस.’ कागद वाचावयास तो मोठा, मत द्यावयास तो लहान! हा अन्याय मुलाला बोलून दाखविता येत नाही, परंतु कळतो निश्चित.

मुलीची गोष्ट आणखी निराळी. आई घरबसल्या साड्यांना लेस लावते, टिकल्या-खडे चिकटविते, आणि शाळेतून आलेली मुलगी तिच्याशेजारी बसून हात चालविते. हात चालता चालता दोघींचे बोलणे होते. घरातील सुखदुःख आई तिच्यापाशी उघड करते. म्हणजे ज्या मैत्रीसाठी पुत्राला सोळाव्या वर्षापर्यंत थांबावयाचे, ती कन्येला बाराव्या वर्षीच मिळते. पण निर्णयाची वेळ आली की ती पुन्हा परकी होते. शिक्षण पुरे करावे की लग्नाचे पाहावे, ही चर्चा तिच्या समोर होते, तिच्याशी होत नाही. अठरा वर्षांची कायद्याची अट सर्वांना माहीत असते. त्या अटीपर्यंत मुलीच्या मनात काय चालले आहे हे विचारण्याचे माहीत नसते. उसाच्या गळीत हंगामात डांग-नंदुरबारकडून तोडणीस येणाऱ्या कुटुंबांच्या पडावावर तर दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडांची आईच झालेली असते. तिचे लाडाचे वर्ष कोणते आणि धाकाचे कोणते, हे कोणत्या श्लोकाला विचारावे?

कठोपनिषदातील नचिकेत्याची कथा भक्तजनांना परिचित आहे. पिता यज्ञ करून सर्वस्व दान करीत होता, आणि दानात देत होता दूध आटलेल्या, थकलेल्या गायी. मुलाच्या ते ध्यानात आले. मला कोणाला देणार, असे त्याने एकदा नव्हे, तीनदा विचारले, आणि संतापलेला पिता बोलून गेला की तुला मृत्यूला देतो. वाढत्या मुलाचा प्रश्न बहुधा असाच असतो. तो नेमका घराच्या लटक्या जागी बोट ठेवतो. म्हणून तर तो झोंबतो. कथेतील अधिक विचार करण्याजोगा भाग पुढे आहे. यमाने तीन वर देऊ केले, तेव्हा आत्मविद्येचा वर नचिकेत्याने तिसरा मागितला. पहिला वर त्याने काय मागितला? आपल्या पित्याचा राग शांत व्हावा, आपण परतल्यावर त्याने आपल्याला ओळखून प्रसन्नपणे बोलावे. मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या मुलाला प्रथम आठवले ते रागावलेल्या बापाचे तोंड.

दुसरा पिता छांदोग्यातील उद्दालक. त्याचा पुत्र श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरुगृही गेला, चोविसाव्या वर्षी सर्व वेद शिकून आला, आणि आला तो ताठून, स्वतःला मोठा पंडित समजत. आजही मूल चार इयत्ता अधिक शिकले म्हणजे बापाच्या अशुद्ध उच्चाराला हसते. चलथाणात बापाच्या गुजरातीला हसते. उद्दालकाने त्याला दटावले नाही. त्याने एक प्रश्न विचारला, ज्याचे उत्तर पुत्राजवळ नव्हते. पुत्रानेही प्रांजळपणे सांगितले की गुरूंना हे ठाऊक नसावे, आपणच मला सांगा. बापाच्या तोंडावर हसणारा मुलगा बापाचा शिष्य झाला, तो केवळ एका प्रश्नामुळे. यंत्रमागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या पित्याजवळही असे प्रश्न असतात. तुटलेला धागा हाताने कसा ओळखावा, गावची जमीन कोणत्या साली का विकली गेली, ह्यांची उत्तरे शाळेत मिळत नाहीत.

त्याच कथेत उद्दालक पुत्राला रात्री पाण्यात मीठ टाकावयास सांगतो आणि सकाळी आपल्याकडे येण्यास सांगतो. सकाळी मीठ दिसत नाही. मग तो ते पाणी वरून, मधून, तळातून चाखावयास लावतो. ही रात्र आणि ही सकाळ चलथाणातील घरालाही असते. रातपाळीचा बाप सकाळी परततो, तेव्हा मुलाचे दप्तर भरलेले असते पण खांद्यावर गेलेले नसते. चहा होईपर्यंतचा पाव घटका वेळ दोघांचा असतो. बहुतेक घरी तो ‘गृहपाठ केलास का?’ एवढ्यात संपतो. काही घरी मात्र बाप कारखान्यातून आणलेला कागद खिशातून काढून मुलापुढे ठेवतो, मुलगा तो वाचून दाखवितो, आणि त्यानंतर बाप विचारतो, ‘मग, तुला काय वाटते?’