इन्सुलिनचा दुर्लक्षित सोबती

यवतमाळ जिल्ह्यांत वणीजवळ राजूर म्हणून कोळशाच्या खाणीचें गांव आहे. अशा गांवीं एखाद्या मुलाला पहिल्या प्रकारचा मधुमेह जडला, म्हणजे आई इन्सुलिनची कुपी, घरांत फ्रीज नसेल तर पाण्याच्या माठाच्या आधारानें गार राखते आणि दिवसांतून तीनचार वेळां सुई टोंचते. इतकें करूनही पुष्कळांच्या डोळ्यांतील, मूत्रपिंडांतील बारीक रक्तवाहिन्या वीसएक वर्षांत बिघडूं लागतात. साखर ही मुख्य अपराधी खरी. पण त्या कुपींतच कांहीं उणें नाहीं ना?

स्वादुपिंड इन्सुलिनला एकटें धाडीत नाहीं. शिकागोच्या डोनाल्ड स्टायनर यांनीं १९६७ सालीं दाखविलें कीं, आरंभीं एकच लांब साखळी तयार होते. तिचा मधला भाग कापला गेला म्हणजे इन्सुलिन मोकळें होतें. तो कापलेला, ३१ अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड. जितके कण इन्सुलिनचे, तितकेच याचेही रक्तांत उतरतात. तरी बरींच वर्षें त्याला सुताराच्या रंध्याखालच्या ढलपीइतकीच किंमत होती. कुपींत तर तो नसतोच.

स्टॉकहोमच्या करोलिन्स्का संस्थेंतील जॉन वारेन व त्यांचे सहकारी यांनीं ही ढलपी उचलून पाहिली. पहिल्या प्रकारच्या रुग्णांच्या शिरेंत सी-पेप्टाइड सोडतांच हाताच्या स्नायूंतील रक्तप्रवाह वाढला, आणि मूत्रपिंडाचें प्रमाणाबाहेर चाललेलें गाळण्याचें काम उतरलें. निरोगी माणसांत असा फरक पडला नाहीं. रक्तवाहिनीच्या आंतल्या अस्तराच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु सोडतात. त्यानें भिंतींतील स्नायु सैलावतो व वाट रुंदावते. या मधुमेहांत तें काम मंदावतें. सी-पेप्टाइड त्या पेशींना पुन्हां चालना देतें.

येथपर्यंत ऐकून कोणासही वाटेल कीं, आतां दोन्हीं द्रव्यें एकाच कुपींत भरावीं. तें इतकें सोपें ठरलें नाहीं. पायांच्या मज्जातंतूंना पोषण देणाऱ्या वाहिन्या सुधारल्या तर मज्जातंतूही सुधारतील, या आशेनें २५० रुग्णांवर वर्षभर प्रयोग झाला. २०१६ सालीं त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. कंपनाची जाणीव कांहींशी सुधारली. पण मज्जातंतूंतील संदेशाचा वेग खोट्या औषधापेक्षां अधिक वाढला नाहीं. मुख्य कसोटी तीच होती.

अमेरिका व कॅनडा येथें १९८३ ते १९९३ या काळांत १,४४१ रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासांत ज्यांचें स्वतःचें सी-पेप्टाइड थोडें तरी शिल्लक होतें, त्यांच्या डोळ्यांस इजा कमी झाली. परंतु ज्याचें सी-पेप्टाइड उरलें, त्याचें इन्सुलिनही उरलें. त्याची साखर कमी हेलकावे खाते. मग श्रेय कोणास द्यावें? आज वैद्य सी-पेप्टाइड मोजतात तें स्वादुपिंडांत किती प्राण उरला आहे हें जाणण्यासाठीं. राजूरच्या घरांतील सुईंत अजून इन्सुलिन तेवढेंच आहे.