डचांचे दर्यावर्दी नकाशे

जुईनगरच्या पश्चिमेस ठाण्याची खाडी पसरलेली आहे. हे उपनगर सिडकोने वसविले आणि सिडकोची स्थापनाच मुळी १९७० सालची. तेव्हा जुन्या डच नकाशांत हे नाव शोधणाराच्या पदरी निराशाच यावयाची. मात्र चौल, दाभोळ, गोवा ही याच किनाऱ्यावरील नावे तेथे ठसठशीत आढळतात. दर्यावर्दी नकाशाला घाटमाथ्याशी कर्तव्य नसते. बंदर कोठे, खडक कोठे, पाणी किती वाव, एवढेच तो सांगतो.

या नकाशांच्या कथेतील एक महत्त्वाचे प्रकरण गोव्यात घडले. यान हाउखेन व्हान लिन्स्खोटेन हा डच तरुण १५८३ साली तेथील आर्चबिशपच्या पदरी चिटणीस म्हणून आला. पोर्तुगीज लोक आपली सागरी माहिती परक्यास लागू देत नसत. याने ती गुपचूप टिपून घेतली आणि १५९६ साली ॲम्स्टरडॅम येथे ‘इटिनेरारिओ’ हा ग्रंथ नकाशांसह छापून ती जगजाहीर केली! पुढे १६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली, आणि १६३७च्या सुमारास वेंगुर्ल्यास तिची वखार पडली. मौज अशी की, दुसऱ्याचे गुपित फोडणारे हे लोक आपले गुपित तितक्याच कसोशीने जपू लागले. कंपनीचे नकाशे हाताने, पुष्कळदा चर्मपत्रावर काढीत. सफर संपताच तांडेलाने ते परत करावे असा दंडक होता. पूर्वेकडील समुद्रांचे कंपनीचे हे नकाशे व्हान क्यूलेन यांच्या छापखान्यातून बाहेर पडावयास १७५३ साल उजाडले.

म्हणूनच अस्सल हस्तलिखित नकाशा संग्राहकाच्या हाती क्वचितच लागतो. बाजारात येतात ती बहुतेक छापील पाने. ताम्रपटाच्या दाबाने कागदावर उमटलेली चौकट बोटाला जाणवते; कागद उजेडापुढे धरला असता त्यातील समांतर रेघा दिसतात; ब्लाऊच्या नकाशांच्या पाठीवर बहुधा मजकूर असतो. रंगांवर मात्र भाळू नये, कारण ते कित्येकदा अलीकडे भरलेले असतात.

आणखी एक अवघड गोष्ट आहे. १६६२ साली निघालेला ब्लाऊचा ‘अॅटलास मायोर’ अकरा खंडांचा. असे ग्रंथ उसवून सुटी पाने विकली तर अधिक पैसा मिळतो. दिवाणखान्यातील सुंदर पान कित्येकदा अशाच एखाद्या ग्रंथाच्या मोडतोडीतून आलेले असते. ते टाळणे संग्राहकास नेहमीच साधेल असे नव्हे; परंतु पान कोणत्या ग्रंथातले, कोणाकडून आले, याची टिपण त्याने पाठीस पेन्सिलीने न लिहिता वेगळ्या कागदावर ठेवावी. नकाशा काचेत लावावयाचा तर उन्हाच्या भिंतीवर लावू नये, आणि खाडीकाठच्या दमट हवेत तर त्याच्या मागे हवा खेळू द्यावी.

कंपनीचे पुष्कळ मूळ नकाशे हेगच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत आणि त्यांतील अनेकांच्या प्रतिमा आता घरबसल्या पाहता येतात. पैसा खर्चण्यापूर्वी महिनाभर त्याच न्याहाळाव्या, आणि सवड झाली तर वेंगुर्ल्यास जाऊन डच वखारीच्या पडक्या भिंतीही पाहून याव्या.