ओळख कोण देणार?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण. बोलण्याच्या ओघात राहून गेलेले काही आकडे छापताना घातले आहेत.)



मला सेक्रेटरींनी सांगितलं होतं, 'काका, पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा.' पण पाण्याचे टँकर, पहिला गणपती, गच्चीची गळती या आठवणी सांगायला आज इथे माझ्यापेक्षा चांगले वक्ते बसलेत. मी दुसराच विषय घेतो. तो येत्या वार्षिक सभेत येणारच आहे, तर आज मोकळेपणी बोललेलं बरं.

बी विंगमधले आपले एक सभासद मुलाकडे पुण्याला राहायला गेले. त्यांना आपला फ्लॅट तीन परदेशी विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायचाय. दोघे टांझानियाचे, एक श्रीलंकेचा. तिघेही विद्याविहारला शिकतात. यावर काही सभासदांनी कमिटीला पत्र दिलंय की, बॅचलर आणि परदेशी माणसांना सोसायटीत जागा देऊ नये, तसा ठरावच करावा. पत्र देणारे माझे मित्र आहेत आणि त्यांची काळजी खोटी नाही. रात्रीचा गोंगाट, अनोळखी माणसांची ये-जा, उद्या काही झालं तर पोलिस कुणाला विचारणार? हे प्रश्न रास्तच आहेत. माझं म्हणणं एवढंच, की त्यांचं उत्तर 'जागा नाही' हे नव्हे.

ही मुलं फ्लॅट बघायला आली तेव्हा खाली बाकावर माझ्याशी थोडा वेळ बोलली. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत अकरा जागा बघून झाल्या होत्या. एके ठिकाणी एजंटने फॅमिलीला चाळीस हजार सांगितलेलं भाडं यांना पंचावन्न सांगितलं. दुसरीकडे मालक तयार, पण म्हणाला, ॲग्रीमेंट करणार नाही, रोख द्या. मुलं परवडेल ते भाडं द्यायला तयार आहेत. अडतंय ते दुसऱ्याच गोष्टीवर. या शहरात त्यांना ओळखणारं कुणी नाही.

आता जरा मागे जाऊ. मी १९७३ साली संगमेश्वर तालुक्यातून मुंबईला आलो तेव्हा पहिली तीन वर्षं लालबागला आमच्या गावाच्या खोलीत काढली. ज्येष्ठांना सांगायला नको, तरुणांसाठी सांगतो. गावकीने मिळून एक खोली भाड्याने घेतलेली असायची. आमची दहा बाय बाराची होती आणि तिच्यात चौदा माणसं. गिरणीत पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागी वळकटी पसरायचा. प्रत्येकाची एक ट्रंक आणि भिंतीवर एक खुंटी. जेवण खाणावळीत. वर्गणी ठरलेली, पाणी भरायच्या पाळ्या ठरलेल्या, आणि दारू पिऊन आलेल्याला त्या रात्री गॅलरीत झोपायचं, हेही ठरलेलं. त्या खोलीत मला कुणीही कसला कागद विचारला नाही. 'अमक्याचा नातू' एवढं पुरलं.

आम्ही निदान महाराष्ट्रातले तरी होतो. त्याच मुंबईत धोबी तलाव, माझगाव भागात गोवेकरांच्या 'कुडी' होत्या. त्यांना क्लबही म्हणत. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ला. तोवर तिथून येणारा माणूस कागदोपत्री पोर्तुगालचा प्रजाजन, म्हणजे मुंबईत परदेशीच. बोटीवर नोकरी करणारे खलाशी, आचारी, वाजंत्री इथे येत आणि पुढची बोट मिळेपर्यंत कुडीत राहत. एकेका गावाची एकेक कूड. माणशी एक ट्रंक, झोपायला चटई, महिन्याची किरकोळ वर्गणी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना, आणि नियम अगदी कडक. धोबी तलावच्या जेर महल इमारतीत असे क्लब आजही आहेत.

गावाची खोली काय किंवा कूड काय, दोन्हीकडे जागा परवडत होती, कारण ती वाटून घेतलेली होती. आणि वाटून घेतलेली जागा टिकली, कारण दोन गोष्टी पक्क्या होत्या : आत येणाऱ्याची कुणीतरी ओळख देत होतं, आणि आतले नियम सगळ्यांना पाठ होते.

बँकेत आमच्याकडेही तेव्हा हेच होतं. खातं उघडायचं तर जुन्या खातेदाराची 'इंट्रोड्यूसर' म्हणून सही लागायची. पैसे घेऊन काउंटरवर उभी असलेली माणसं सही द्यायला कुणी नाही म्हणून परत जाताना मी पाहिली आहेत. पुढे २००२पासून रिझर्व्ह बँकेने केवायसी आणलं. म्हणजे काय झालं? ओळख देण्याचं काम शेजाऱ्याकडून कागदाकडे गेलं. आता फोटो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा आणा, खातं उघडा. माणूस कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा, काउंटरवरच्या बाबूला तो आवडला की नाही, याचा संबंध उरला नाही. घर भाड्याने देताना मात्र आपण अजून इंट्रोड्यूसरच शोधतो.

याला एक कारण आहे, तेही सांगितलं पाहिजे. आपल्या पिढीच्या मनात भाडेकरूची धास्ती बसली ती कायद्यामुळे. १ फेब्रुवारी १९७३ला ज्यांचा लायसन्सवर ताबा होता, ते मुंबई भाडे कायद्यातल्या दुरुस्तीने संरक्षित भाडेकरू झाले. अकरा महिन्यांसाठी आलेला कायमचा झाला. तेव्हापासून मालक माणसाला जागा देईनात, कंपनीला आणि बँकेला देऊ लागले. आमच्यासारख्या ऑफिसरना उपनगरात फ्लॅट मिळाले ते बँकेच्या लीजवर. स्वतःच्या नावावर मागितले असते तर आम्हालाही दार बंदच होतं.

पण तो काळ संपला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, म्हणजे आपल्या सोसायटीच्याच वयाचा आहे. त्याच्या कलम २४प्रमाणे लायसन्सची मुदत संपली की जागा सोडावी लागते; नाही सोडली तर दुप्पट भाडं आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद. कलम ५५प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यास भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं. म्हणून 'ॲग्रीमेंट नको, रोख द्या' म्हणणारा मालक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो.

नोंदणीचा खर्च किती? आकडेमोडीची सवय जात नाही, म्हणून उदाहरण देतो. समजा भाडं ४०,००० आणि डिपॉझिट दीड लाख, मुदत अकरा महिने. मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे साधारण साडेअकराशे रुपये. नोंदणी फी हजार रुपये. तिघांत वाटलं तर माणशी हजारही पडत नाहीत. आणि भाडं पडतं माणशी तेरा-साडेतेरा हजार. विद्यार्थ्याला उपनगरात एकट्याने फ्लॅट घेणं शक्यच नाही. वाटून घेतलं तरच परवडतं. 'तीन बॅचलर एकत्र नकोत' याचा अर्थ 'विद्यार्थीच नकोत' असा होतो, हे लक्षात घ्या.

परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत आणखी एक कागद आहे. परदेशी नागरिकाला राहायला जागा देणाऱ्याने, मग ते हॉटेल असो की घरमालक, तो आल्यापासून २४ तासांत ही माहिती परकीय नागरिक नोंदणी कार्यालयाला द्यायची असते. आता ते ऑनलाइन होतं. शिवाय १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला आल्यापासून १४ दिवसांत स्वतःची नोंदणी करावी लागते, आणि तिथे राहण्याच्या पत्त्याचा पुरावा मागतात. आता त्या मुलाच्या जागी उभे राहून बघा. घर नाही तर पत्ता नाही, पत्ता नाही तर नोंदणी नाही. रोखीचा मालक त्याला छप्पर देतो, पण कागदावर बेकायदा करून ठेवतो. आपण दार लावलं की ही मुलं त्याच मालकाकडे जाणार. मग पोलिसांना विचारायला खरोखरच कुणी सापडणार नाही. आपल्याला हवी ती सुरक्षितता कागदाने येते, नकाराने नाही.

आता आपल्याच घरांकडे बघू. या सभागृहात ज्यांची मुलं-नातवंडं परदेशात शिकतात किंवा नोकरी करतात, त्यांनी हात वर करावेत म्हटलं तर निम्मे हात वर होतील. जर्मनीत आपली मुलं चार-पाच जणांत फ्लॅट वाटून राहतात, त्याला तिथे 'वेगे' म्हणतात. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची सरकारी नोंदणी करायची आणि त्यासाठी घर देणाऱ्याची सही लागते. इंग्लंडमध्ये घरमालकाला भाडेकरूच्या व्हिसाची तपासणी करावीच लागते. रात्री व्हिडिओ कॉलवर आपण विचारतो, 'घर मिळालं का रे?' आणि नावावरूनच नकार आला असं कळलं की आपल्याला झोप लागत नाही. तिथल्या एखाद्या सोसायटीने 'भारतीय नकोत' असा ठराव केला तर आपण त्याला काय म्हणू? तोच शब्द इथेही लागू पडतो.

आपल्या माणसांचा हा अनुभव जुनाच आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली एकट्या अमेरिकेला उतरल्या, तेव्हा न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं. ओळख फक्त पत्रांतली. १८८६ला आनंदीबाई डॉक्टर झाल्या. उलट, डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकून १९१७ला बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी विश्रामगृहात नाव लपवून राहावं लागलं, आणि तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन येऊन त्यांना बाहेर काढलं. स्वतःच्या देशात! परका कोण हे पासपोर्टवर ठरत नसतं, दार कोण उघडतं त्यावर ठरतं.

असो. भाषण लांबतंय. कमिटीपुढे माझ्या सूचना थोडक्यात ठेवतो.

एक, सरसकट बंदीचा ठराव करू नये. आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. सभासदाने आधी कळवायचं, नोंदलेल्या कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. परदेशी असेल तर नोंदणी कार्यालयाला दिलेल्या माहितीची प्रतही मागून घ्यावी.

दोन, बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. १ ऑगस्ट २००१चा शासन आदेश आहे. 'बॅचलर चार्ज', 'फॉरेनर चार्ज' असलं काही काढू नये.

तीन, करारात सगळ्यांची नावं हवीत आणि त्यांतल्या एकाचा फोन नंबर सेक्रेटरींकडे असावा. आमच्या खोलीत वर्गणी गोळा करणारा एकच असायचा, तसा.

चार, सोसायटीचे नियम एका पानावर लिहून पहिल्याच दिवशी द्यावेत : पाण्याची वेळ, ओला-सुका कचरा, रात्रीचा आवाज, पाहुण्यांची नोंद. आणि तेच पान आपल्यालाही लागू. गच्चीवर रात्री बारापर्यंत वाढदिवस करणारे टांझानियाहून आलेले नाहीत, एवढंच म्हणतो!

कुणी नियम मोडला तर त्याला जरूर बोलावं, मालकाला पत्र द्यावं, मुदत संपल्यावर करार वाढवू नये असं सुचवावं. पण ते वागणुकीवर, देशावर नव्हे.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण सगळे गिरगावातून, डोंबिवलीतून, कोकणातून, गुजरातेतून, केरळातून इथे आलो तेव्हा एकमेकांना अनोळखीच होतो. भागधारकांची यादी झाली, शेअर सर्टिफिकेटं मिळाली, मग हळूहळू शेजार झाला. आधी कागद, मग ओळख, मग वाटीभर साखर. याच क्रमाने त्या तिघांनाही येऊ द्यावं, एवढी वार्षिक सभेला माझी विनंती आहे.

 जेवणाची पानं मांडलेली आहेत, तेव्हा मी आता थांबतो.